बायनाबाईचा हात आणि प्रेसची सरासरी

पाथरी, सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप मन्मथअप्पा मामांच्या चरणी भाचा रामलिंगचा शरणार्थ.

मी इथे खुशाल आहे. पालमला आपला गुडघा कसा आहे ते मामींकडून कळवावे (आपण स्वतः लिहिलेत तर "लय बेस हाय" एवढंच लिहाल).

आपल्या शब्दावर रंगनाथशेठनी मला जिनिंगमध्ये इंजिनियर म्हणून ठेवलं, म्हणून इथे घडलेली हकिगत आपल्या कानावर घालणं भाग आहे. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या नव्या प्रेसला मी एक पेटी बसवली आहे. तिच्यातला प्रोग्रॅम म्हणजे मुकादमच (रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्याला). वजन घेणं, चिठ्ठी छापणं चालू असताना आत कुणाचा हात दिसला, की सगळं बाजूला सारून त्यानं आधी प्रेस थांबवायचा. हात म्हणजे बायनाबाईचा. ती तिथे उभी राहून कापूस लोटते. आता या मुकादमाला किती वेळ लागतो ते मोजायला हवं, आणि मामा, मोजण्यातच माझी फजिती झाली.

शेठ स्वतःचं मनगटी घड्याळ घेऊन आले (ते निजामाच्या काळापासून मागे आहे). मग मी प्रोग्रॅमलाच म्हटलं, बाबा, किती वेळ लागला ते तूच छाप. तर तो छापण्यात असा गुंगला की थांबवायचंच राहिलं. शेवटी एक तार बाहेर काढून ऑसिलोस्कोपच्या (विजेची हालचाल रेघेनं दाखवणारं यंत्र) पडद्यावर पाहिलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबण्याचा हुकूम सुटत होता. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली. शेठनी पेढे मागवले, मीही खाल्ले.

पेढा गिळताना शंका आली. वजनाची चिठ्ठी छापली जात असतानाच हात आत गेला तर? एका दुधी भोपळ्याला हातमोजा चढवून आत सरकवला (भोपळा इथे कामाला असलेल्या तानुबाईचा, भाजीसाठी परत देण्याच्या बोलीवर). चिठ्ठी पुरी होईपर्यंत प्रेस खाली येतच राहिला. भोपळा चपटा झाला.

शेठ म्हणाले, "भोपळ्याला हात मागं घ्यायची अक्कल न्हाई, मानसाला आस्ती. आन् सरासरी तर लय झकास हाय की!" मी म्हटलं, हात काही सरासरीनं चिरडत नाही. पण गुरुवारी प्रेसच्या उद्घाटनाचा नारळ फुटायचाय, पत्रिका वाटून झाल्यात, दुरुस्ती मागाहून कर म्हणाले. मग मी बायनाबाईला सांगितलं, तू उभी राहू नकोस. ती म्हणाली, "मी न्हाई उभी ऱ्हायले तर दुसरी ऱ्हाईल, सायब. तिला बी सांगताल का?" फार वाईट वाटलं, मामा.

बाकी क्षेम. मामींना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद.

आपला,
रामलिंग

ता. क. शेठ आपल्या शब्दाबाहेर नाहीत. नारळ आठवडाभर लांबवा, एवढं त्यांना सांगावं. तेवढ्यात मी दुरुस्ती करतो.

आणखी ता. क. हे पत्र एसटीच्या कंडक्टरबरोबर मुद्दाम पाठवतो आहे. पाकिटात कापसात गुंडाळलेली काळी, पुष्कळ पायांची वस्तू आहे. मामींनी झुरळ समजून झाडू नये. सगळा प्रोग्रॅम त्या चिपमध्ये आहे, तिच्याशिवाय प्रेस जागचा हलत नाही. शेठना अजून पत्ता नाही. ते शोधत आपल्याकडे येतीलच. त्यांना चहा द्या, जेवू घाला, चिप देऊ नका. फारच हट्टाला पेटले तर म्हणावं, गुरुवारी कापूस लोटायला तुम्ही स्वतः उभे राहा, मग लगेच देतो.