उतारावर गाडी न्यूट्रल करू नये

मी, शेख बद्रुद्दीन वल्द शेख हबीब, धंदा स्वतःचा मालट्रक चालवणे, मूळचा हिवरखेडचा, हल्ली राहणार अकोला, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. छातीत पाणी झाले आहे, पण डोके शाबूत आहे. मराठी शाळेत शिकलो म्हणून मराठीत लिहितो. कायद्याचे शब्द वकील ताराबाईंनी सांगितले, बाकीचे माझे आहेत. पुढचे वाचून कोणी म्हणेल की म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. अकोल्याच्या अकोट फैल वस्तीतले घर शरियतप्रमाणे माझी बायको रईसा, मुलगा तौहीद आणि मुलगी अलीझा यांच्यात वाटले जाईल. त्यात मी बोट घालत नाही. रस्त्याकडची खोली रईसाकडे राहावी, कारण तिला खिडकीत बसायची सवय आहे. ही विनंती आहे, हुकूम नव्हे.

२. आमच्या कायद्याने वारसांबाहेरच्या माणसाला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येते. माझा दहाचाकी ट्रक त्या हिश्श्यात बसतो, असे ताराबाई म्हणाल्या. तो ट्रक मी तिवशाच्या सत्यभामा देवमन सोनोने यांना देत आहे. परक्या बाईला गाडी काहून दिली, असे लोक विचारतील. म्हणून सविस्तर लिहितो.

सत्यभामावहिनींचा नवरा देवमन आणि मी एकाच सेठकडे ड्रायव्हर होतो. पुढे दोघांनीही कर्ज काढून आपापली गाडी घेतली. त्याने साऱ्या ट्रान्सपोर्ट लाइनीत पेढे वाटले, मालक झालो म्हणून. पण ज्याचा माल नेतो तो व्यापारी आम्हाला कधी दिसत नसे. मधे पुंजाजी दलाल. अकोल्यातच वाशिम बायपासला त्याचे ऑफिस. भाडे तो ठरवणार, दलाली आधी कापून घेणार, उरलेले भाडे माल पोचल्याची सहीची पावती, म्हणजे पोच, आणून दिल्यावर देणार.

दोन हजार तेरा साली डिझेल दर महिन्याला वाढू लागले. भाडे होते तिथेच. मी बोललो तर पुंजाजी म्हणे, “डिझेल काय म्या वाढवलं? तुले परवडत नसन तं देवमन याच्याहून कमीत जाले तयार हाय.”

पातूरच्या ढाब्यावर देवमन भेटला तेव्हा त्याला सरळ विचारले. तो जेवता जेवता थांबला.

“बद्रू, मले तं तो तुयं नाव सांगते. म्हणे बद्रुद्दीन कमीत चालला.”

दोघेही हसलो. मग हसू थांबले. त्याच दिवशी ठरवले की अमुक भाड्याखाली गाडी हलवायची नाही. इतरांनाही पटले. बायपासला गाड्यांची ओळ उभी राहिली. पण त्या साली आधीच्या दुष्काळाने शेतमाल थोडा आणि गाड्या जास्त, आणि हप्ते कोणाला चुकलेत? एकेक गाडी निघून गेली. शेवटी आमच्या दोनच उरल्या.

मग पुंजाजीने देवमनला बोलावून नांदेडचे चांगले भाडे दिले. आम्हाला वाटले, नमला. पण नांदेडला परतीचा माल त्याच्याच ओळखीच्या माणसाच्या हातात होता. देवमन भर उन्हाळ्यात तिथे गाडीखाली सावलीला पडून राहिला. फोन केला की उत्तर, उद्या बघू. रिकामी गाडी आणावी तर डिझेलला पैसा नाही. अखेर पासिंगच्या, म्हणजे परवानगीच्या वजनाच्या, वर सिमेंट भरून दिले आणि भाडे असे की त्यात नुसते डिझेलही निघू नये.

परतीच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. “बद्रू, वाशिमकडलं मालेगाव सोडलं. डिझेलचा काटा खाली टेकला. घाट उतरलो का आलोच घरी. उतारावर तं गाडी फुकटात चालते.”

वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून सांगतो. घाटात गिअर काढून गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते. पण मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. जादा माल असला तर ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. पातूरच्या घाटात देवमनची गाडी वळणावरून सरळ खाली गेली. मी पोचलो तेव्हा सिमेंटची धूळ अजून बसली नव्हती.

शवागाराच्या व्हरांड्यात सत्यभामावहिनी बसल्या होत्या. पुंजाजी आला, हात जोडले आणि म्हणाला, “बाई, नांदेडची पोच कुठी हाय? पोचीबिगर उरलेलं भाडं निंगत नाई. अन् फुटल्या बोऱ्याईचे तं कटतीनच.”

वहिनी रडत नव्हत्या. म्हणाल्या, “त्यायच्या खिशात असन. आत जा अन् तुमीच काढून घ्या.”

पुंजाजी आत गेला नाही.

चेमटलेली गाडी भंगारात निघाली तेव्हा वहिनींनी मला निरोप धाडला, “भाऊ, त्यायचा हात लागला हाय तिले. तोडू देऊ नका.” म्हणून मी माझी गाडी विकली आणि ती घेऊन दुरुस्त केली.

आता जे लिहितो ते शपथेवर लिहितो. त्या गाडीने पहिल्यांदा पातूरचा घाट उतरताना मीही डिझेलकडे पाहून गिअर काढायला गेलो. दांडा हलला नाही. जोर लावला. माझ्या हातावर कोणीतरी हात ठेवला होता. गरम, घामेजलेला, अंगठ्याजवळ घट्टा पडलेला. क्लीनरची जागा रिकामी होती. घाट संपल्यावर हात निघाला. गाडी बाजूला घेऊन मी बराच वेळ खाली बसून राहिलो. रईसाला सांगितले तर तिने माझा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

त्यानंतर तो हात प्रत्येक खेपेला आला. मी गिअर काढायला जात नसलो तरी यायचा. हिवाळ्यात काच बंद असली की केबिनमध्ये सिमेंटचा वास भरायचा. भीती वाटायची हे खरे, पण तो रस्ता मी सोडला नाही. देवमन तिथे एकटा राहिला असता.

शेवटी वहिनींना सांगितले. त्यांनी शंका घेतली नाही. “मले घेऊन चाला,” एवढेच म्हणाल्या. मी चालवत होतो, तौहीद मागे बसला होता, वहिनी माझ्या बाजूला. वळण आले, हात आला. मी वहिनींना मानेने खुणावले. वहिनींनी दांड्यावरच्या माझ्या हाताकडे पाहिले आणि घरात बोलावे तसे म्हणाल्या, “अजी, माल पोचला. आता घरी चाला. जेवण थंडं होऊन राह्यलं.”

हात निघून गेला. वहिनी पदर तोंडाला लावून पातूरपर्यंत बाहेर पाहत राहिल्या. त्या दिवसापासून गिअरचा दांडा मोकळा आहे.

३. माझे पाने, जॅक आणि ताडपत्री मुजम्मिल मिस्त्रीला द्यावी. त्याने माझ्या सांगण्यावरून गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा उघडून तपासला, दोष सापडला नाही, आणि तरी मला वेडा म्हटले नाही.

४. पुंजाजी मागच्या आठवड्यात संत्री घेऊन भेटायला आला. डिझेल बरेच उतरले आहे, आता तरी गाडीवाल्यांना दोन घास मिळू दे, असे मी म्हणालो. तो म्हणाला, “डिझेल उतरलं, मंग भाडंबी उतरनच ना.” जाताना गाडी विकता काय म्हणून विचारले. ही गाडी त्याला विकू नये आणि त्याच्या मालाला लावू नये. माझ्या मयतीला तो आला तर बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्यावे. खांदा देऊ देऊ नये.

५. वहिनींची गाडी तौहीद चालवणार आहे. दोघांचे तसे बोलणे झाले आहे आणि मला ते मान्य आहे. तौहीदला माझे सांगणे एकच, उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. टाकी कोरडी पडली तर घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करून घरी फोन करावा. तो हो म्हणाला आहे. देवमननेही मला किती वेळा हो म्हटले होते.

बाकीची कलमे अमलात आणायची जबाबदारी ताराबाईंवर सोपवतो. हे पाचवे कलम मात्र कोणावर सोपवत नाही. त्या वळणावर आता कोणी नाही. तौहीदचा हात दांड्यावर गेला की त्याला माझा हात लागेल. त्याने घाबरू नये.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

(सही) शेख बद्रुद्दीन शेख हबीब

कलम दोनला आम्हा वारसांची हरकत नाही: रईसाबी (अंगठा), तौहीद, अलीझा

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. वसंत रामकृष्ण देव, निवृत्त शिक्षक, अकोला
२. मिस्बाह खान, किराणा दुकानदार, अकोट फैल

ठिकाण: अकोला
तारीख: ११ फेब्रुवारी २०१६