मनालच्या कुंडीचा रोजा

नारायणगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आमिना आपास,

तन्वीरचा सलाम, वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि मधेच कट करतो, म्हणून यापुढे जे काय असेल ते कागदावर लिही, असा तू हुकूम काढलास. घे, लिहिलं. कॉलेज सोडल्यापासून पेन धरलं नव्हतं, अक्षर समजून घे.

मनाल दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली, तेव्हा पीस लिलीची कुंडी माझ्या हवाली करून गेली. तिच्या अम्मीची. अम्मी वारल्यावर तीन वर्षं ती कुंडी जुन्नरच्या घरी शिलाई मशीनशेजारच्या खिडकीत होती. कमरुद्दीन चाचा, म्हणजे तिचे अब्बा, दिवसभर दुकानात. पाणी कोण घालणार? मी छाती फुगवून म्हटलं की मी नर्सरीत कामाला आहे, तिथल्याच माझ्या खोलीत ठेव. ती म्हणाली, ईदला येईन तेव्हा अशीच पाहिजे.

आता ऐक. झाड मरतंय. पानांची टोकं करपली, मातीवर पांढरी खपली धरली, आणि खोलीला असा वास की शेजारी नाक दाबून जातो. मी काय कमी केलं, सांग! द्राक्षबागेतली काळी माती आणून मुठीनं ठासून भरली. पोल्ट्रीचं ताजं खत घातलं, दोन ओंजळी. बागेला ठिबकमधून सोडतात ते पावडरीचं खत दर दोन दिवसांनी चमचाभर. आमचे मालक सयाजीशेठ म्हणाले, झाड अशक्त दिसतंय, अजून ताकद दे. तीही दिली. एवढ्यात टोमॅटोचा वाफा उभा राहिला असता राव, आणि हे वीतभर झाड मान टाकून बसलंय! लई राग येतो. वाटतं, कुंडी उचलावी आणि हायवेवर फेकावी.

तुझ्याकडे वीस कुंड्या आहेत, घरातल्या घरात, एकही मरत नाही. काय करू ते लिही. लेक्चर नको.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
तन्वीर


पेठ,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. तन्वीर यास,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

पत्र वाचून तुझे दूल्हाभाई इतके हसले की बशीतला चहा सांडला. मला हसू आलं नाही. अरे, कुंडी म्हणजे काय शेत आहे? शेतात जास्त झालेलं खत पाण्याबरोबर खाली उतरतं, मुळं बाजूला सरकतात. कुंडीत सरकायला जागा कुठाय? तिथंच बसून सगळं गिळायचं. कोंबडखत ताजं असलं की मुळं जाळतं. आणि काळी माती ठासलीस, म्हणजे वीट पाडलीस. ना हवा शिरणार, ना पाणी निथरणार.

तिकडं येणाऱ्या गेणभाऊंच्या जीपमधून पिशवी पाठवतेय. त्यात माझं गांडूळखत आहे आणि मढच्या खालांनी दिलेलं भाताचं तूस. झाड अलगद बाहेर काढ, ओढू नकोस. मुळं बादलीत हलवून धू. काळी, बुळबुळीत झालेली काप, पांढरी ठेव. कुंडी घास, बुडाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेव. तीन वाट्या नारळाच्या काथ्याचं कोकोपीट, त्यात माती, गांडूळखत आणि तूस एकेक वाटी. माती चाळलेली हवी. सगळं हातानं मोकळं कालव. ओंजळभर घेऊन मूठ वळलीस, तर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. भरताना ठासायचं नाही! पाणी रोज नाही; बोट दोन पेरं आत घालून बघ, कोरडं लागलं तरच.

आणि खत बिलकुल नाही. रविवारी रमजान लागतोय. तू रोजे धरशील, तसा या कुंडीलाही खताचा रोजा, थेट ईदपर्यंत. फरक एवढाच की तिला संध्याकाळी सोडायचा नाही.

जाता जाता. मनालचा फोन आला होता. तू तिला दिवसाला चाळीस मेसेज करतोस म्हणे. तिथंही हात जरा आवर.

दूल्हाभाईंचा सलाम. माया आहेच, पिशवीत तळाशी खजूरही आहेत.

तुझी
आपा


नारायणगाव,
१६ मार्च २०२५

प्रिय आपास,

सलाम, वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मुळं धुतली, निम्मी कापावी लागली. नऊ पानं होती, दोन उरलीत. दोन आठवडे झाले, झाड हलत नाही, डुलत नाही. सकाळी बघतो, दुपारी बघतो, इफ्तारच्या आधी बघतो. पोटाच्या रोज्याचं काही वाटत नाही गं, हा हाताचा रोजा जीव खातोय. काल खताचा चमचा भरलाही होता. परत डब्यात टाकला. काहीच न करणं हे काय काम आहे का?

मनालला आता एकच मेसेज करतो. तिचं उत्तर येतं, हं. परवा तिनं झाडाचा फोटो मागितला. मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय, असं सांगितलं.

आता माझं ठरलंय. नर्सरीत पीस लिलीची चाळीस झाडं आहेत. त्यातलं एक, फुलावर आलेलं, अम्मीच्या कुंडीत लावतो. काठाचा टवका उडालेली कुंडी तीच, झाडाची जात तीच. कोणाला कळणार? तिला रडताना बघण्यापेक्षा हे बरं. नको म्हणू नकोस, ऐकणार नाही.

तुझा लोभ मात्र असू दे, आज जास्त लागेल.

तन्वीर


पेठ,
१८ मार्च २०२५

तन्वीर,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक.

मनालला कळणार नाही, मान्य. तुला कळेल. ती त्या पानांवरून हात फिरवील, अम्मीनं लावलेलं म्हणून, आणि तू समोर उभा राहून बघशील. एक दिवस नाही, जन्मभर. कारण लग्न तुला तिच्याशीच करायचंय ना?

तू सरांशी भांडून कॉलेज सोडून आलास, तेव्हा अब्बा तुला घरात घेत नव्हते. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माझा भाऊ भडक डोक्याचा आहे, पण खोटं बोलत नाही. आता मला खोटी पाडतोस?

ते नवं झाड असेल तिथं ठेव. जे उरलंय ते तिच्या हातात दे आणि शिव्या खा.

आता आशीर्वाद. माया आहे, म्हणूनच एवढी शाई जाळली.

आपा


नारायणगाव,
३ एप्रिल २०२५

प्रिय आपास,

सलाम आणि ईदच्या राहिलेल्या शुभेच्छा, वि. वि.

तुझ्यावर चिडून चार दिवस पत्र उशाखाली दाबून ठेवलं होतं. नवं झाड कुंडीपर्यंत नेलंही होतं. परत नेऊन ठेवलं.

काल मनाल चाचांबरोबर नर्सरीत आली. मी कुंडी पुढं केली. दोन पानं, आणि मधोमध एक नवं, अजून सुरळीसारखं गुंडाळलेलं. तिनं मातीत बोट घातलं, दोन पेरं, अगदी तुझ्यासारखं, आणि माती कोणी केली विचारलं. मी केली एवढंच म्हणायचा मोह झाला. पण मग सगळंच बोललो. कोंबडखत, चमचा, कॅमेरा बिघडल्याची थाप, बदलायला काढलेलं झाडसुद्धा.

आपा, काय बोलली माहितीये! गिऱ्हाइकांसमोर, सयाजीशेठसमोर, पाऊण तास. तुझ्या हातात माणूस तरी जगेल का, असं विचारलं. उलट बोलायला तोंड उघडलं होतं, चाचांकडे बघून मिटलं. ते रोपांची लेबलं वाचत हसत होते.

मी कुंडी तिच्यासाठी पिशवीत घालायला लागलो, तर तिनं काढून घेतली आणि माझ्या खोलीच्या खिडकीत परत ठेवली. काउंटरवरचा मार्कर घेतला आणि अम्मीच्या कुंडीवर, टवक्याच्या खाली लिहिलं: पुढचं खत ४ मे. मी येऊन घालीन. तोवर कुणी हात लावू नये. मनाल.

म्हणजे ईद झाली तरी माझा रोजा चालूच. अजून एकतीस दिवस. कसे काढू, तूच सांग. लेक्चर चालेल.

तुझाच
तन्वीर