कमरेच्या वर

११ जून, नांदेड
निवड चाचणी. ज्योती पहिल्याच कुस्तीत गेली. दहा-शून्य, दोन मिनिटंही नाही. समोरची पोरगी वाकली, पाय धरला, पाडलं. उठून पुन्हा तेच. पाच वेळा. ज्यो. प्रत्येक वेळी हात वर, छाती पुढे, अगदी माझ्यासारखी उभी. मागून कुणीतरी म्हणालं, "चॅम्पियनची लेक हाय म्हनं." मी बुटाची नाडी बांधत बसलो.
सतरा वर्षांखालच्या गटातला हा तिचा शेवटचा हंगाम. लातूरची जानेवारीतली निवड तेवढी राहिली.

१२ जून
झोप नाही. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नसतो. उभा जन्म तेच खेळलो, पदकं आली, नोकरी त्यावरच. आणि पोरींसाठी ग्रीको नाहीच, कुठेच नाही. हे मला माहीत नव्हतं? होतं. तरी आठव्या वर्षापासून गच्चीवर तेच शिकवलं. म्हटलं, येतं ते तर देऊ, पायांचं पुढे बघू.
सुनंदानं चहा ठेवला आणि विचारलं, "इतक्या वर्षांत कुनी पाय धरलाच न्हाई का हो आपल्या पोरीचा?"
गच्चीवर तिच्याशी मीच लढायचो.

१७ जून
ज्यो. म्हणाली, "पप्पा, पट कसा काढायचा, दाखवा ना." पाय धरून पाडायचा डाव, जत्रेतल्या पोरासोरांनाही येतो. वाकलो. मान अडली, डाव्या हाताला मुंग्या. हात आपोआप तिच्या कमरेवरच गेला. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२ जुलै, लातूर
शेवटी गफूर वस्तादाकडे. नवं पदक घेऊन निलंग्याच्या जत्रेत उतरलो होतो, तेव्हा यानंच माझे दोन्ही पाय उचलून मला मातीत आडवं केलं. 'पायधऱ्या' म्हणून मी त्याला चारचौघांत हिणवलं होतं. विसरला नसणार. चहा पाजला. ज्यो.ला उभी केली, भोवती एक चक्कर मारली. "पकड लई जबर हाय. पन पाय घरीच ठिवून आली बगा."
मग मला बाजूला घेऊन, "पोरगी ठिवा हितंच. आन् तुमी येऊ नका पहेलवान. फोनवर बी कुस्तीचं बोलू नका."
राग आला. पण खरंच होतं.

९ ऑगस्ट
ज्यो.चा फोन. जेवण ठीक, खोली ठीक. मी पावसाचं विचारलं. मग फोन सुनंदाकडे गेला आणि अर्धा तास गप्पा. एकेरी पट, दुहेरी पट... सुनंदा नुसती "हाव का, हाव का" करत राहिली. तिला त्यातलं काही कळत नाही. मला मेल्याला सगळं कळतं, आणि मी भाजी निवडत होतो.

३ नोव्हें.
ज्यो. दिवाळीला आली. अर्धापूरहून भावानं केळ्यांचा घड पाठवला, तो सोडून काही बोलायला विषय नाही. संध्याकाळी मीच म्हटलं, चल गच्चीवर. "वस्ताद नगं म्हनले, पप्पा." तरी नेली. समोर उभी राहिली. हात वर, छाती पुढे. चार महिन्यांपूर्वीची तीच ज्यो. चांगलं वाटायला हवं होतं. डाव न टाकताच खाली उतरलो.

११ जाने.
फोन. या वेळी मला मागितला. "पप्पा, परवा येऊ नका. तुमी दिसलाव की माजे हात वरच जातात."
बरं म्हटलं.

१३ जाने., लातूर
सकाळी सुनंदाला एसटीत बसवून दिलं, ऑफिसला जातो म्हणून. मागच्या गाडीनं मीही आलो. आत जात नाही. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून लिहितोय. आत्ता भोंग्यावर तिचं नाव घेतलं. त्यापुढं बापाचं म्हणून माझंही लागलंच. शिट्टी झाली. लोक ओरडताहेत. पाय हाताला लागला की लोक वेगळे ओरडतात, तेवढं मला कळतं. कुणाचा पाय, ते भिंतीच्या अलीकडून दिसत नाही.