दुधाइतका पातळ

३ मार्च
आजपासून राग बंद. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, मीच ठरवलंय. रागावलेल्या हाताने रंग फवारायचा एअरब्रश चालत नाही.

वीस तारखेला सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. ज्या मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये त्यांनी उभी हयात काढली, ते भंगारात गेलं. त्याचं फूटभर लांबीचं मॉडेल मी त्यांच्या हातात ठेवणार. जोडून तयार आहे, फक्त रंग बाकी. सासरे मला चारचौघांत ‘नव्वद टक्के’ म्हणतात. हातात घेतलेलं काही मी पुरं करत नाही म्हणे! वीस तारखेला त्यांच्याच तोंडून ‘शंभर’ वदवून घेतो की नाही, बघूच.

५ मार्च
राखाडी प्रायमर बायकोने मारला. बाल्कनीत, स्प्रेच्या डब्याने, भाजी शिजेपर्यंत. मी तेव्हा एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं प्रेशर किती ठेवावं याचा अभ्यास करत होतो. प्रायमरला काय अक्कल लागते? वरून पांढरा रंग येणार, मग कोण बघतंय.

६ मार्च, दुपारी
पांढरा ॲक्रिलिक बाटलीतून थेट एअरब्रशमध्ये. रंग पातळ करणं हा चिक्कू लोकांचा उद्योग. जहाजाकडे वळवायच्या आतच एअरब्रश खोकला, थुंकला, बंद पडला. सुईच्या टोकावर रंग वाळून बसलेला. साफसफाईत दुपार गेली. वर शेजारचे काका कॉम्प्रेसरच्या आवाजाची तक्रार घेऊन हजर. मी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्याने.

८ मार्च
माळ्यावर टर्पेंटाइन सापडलं. घराच्या दारांना ऑइलपेंट लावला होता तेव्हाचं. (एक दार राहिलंय. लावणार आहे.) थिनर तो थिनर. ओतलं. रंगाच्या गुठळ्या झाल्या. बायको म्हणाली, हा पाण्यातला रंग ना, मग त्यात टर्पेंटाइन कशाला? मी म्हणालो, तू तुझं बघ. रागावून नाही म्हणालो, माझा आवाजच तसा आहे. जेवण मी माझं मी वाढून घेतलं.

१० मार्च
रंगाच्या दुकानदाराला जाब विचारायला गेलो. तो हसला. हेच मला सहन होत नाही. म्हणाला, ह्याच कंपनीचा थिनर घ्या, थेंबाथेंबाने घाला, दुधाइतका पातळ झाला की थांबा. मी विचारलं, कुठलं दूध? गाईचं की म्हशीचं? सायीसकट की साय काढून? तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अर्धवट माहिती हे देणार आणि नव्वद टक्के मी!

११ मार्च, सकाळी
आता शास्त्रीय पद्धत. एकसारखे दोन पेले. एकात रंग आणि थिनर, दुसऱ्यात फ्रिजमधलं दूध. दोन्ही तिरके करायचे, कडेवरून ओघळ सारखाच उतरला की झालं. आणि जमलं! तंतोतंत! बघून फरक कळेना. हा शोध सर्वस्वी माझा.

तेवढ्यात बेल. काका. पुन्हा कॉम्प्रेसर. आज तर मी तो सुरूही केला नव्हता! डोकंच फिरलं. दारातच चांगलं सुनावलं. त्याच तिरीमिरीत परत येऊन पेला एअरब्रशच्या बाटलीत उपडा केला आणि मारत सुटलो. काय सुटला रंग! एकदाही अडकला नाही. दुसऱ्या पेल्यातलं दूध आठवणीने झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. मी वस्तू जागेवर ठेवत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

१२ मार्च
खालचा राखाडी अजून दिसतोय. पण जाणकार पातळ थरच देतात. बाटलीत उरलेल्या रंगाचे आणखी पाच-सहा थर दिले. किंचित आंबूस वास. नवा थिनर असणार.

१३ मार्च
डेअरीवर खटला भरायला हवा. पेल्यातल्या दुधावर रबरासारखी साय. बायकोने विचारलं, हे दूधच आहे ना? मी म्हणालो, नाहीतर काय रंग आहे? डेअरीला फोन करून भेसळ या विषयावर बोललो. पलीकडच्या बाईंनी मध्येच फोन ठेवला.

काकांचं मांजर खिडकीतून येऊन जहाज चाटत होतं. मालकाला नसली तरी मांजराला कलेची पारख आहे.

१७ मार्च
डेकवर मुंग्या. रंगाच्या कंपनीला कडक शब्दांत ईमेल. वासावर उपाय म्हणून जहाजाला सेंट मारलं.

२० मार्च, दुपारी
सासऱ्यांनी जहाज हातात घेतलं. घरचे सगळे भोवती. इंजिनवाल्या माणसाची सवय, प्रत्येक गोष्ट बोटाने आणि नाकाने तपासायची. वास घेतला. अंगठा घासला. पांढरे पापुद्रे निघाले. दूध आहे हे, म्हणाले.

सगळे हसले. बायको हसली नाही. तिला तो रबरी सायीचा पेला आठवत असावा. मलाही त्याच क्षणी आठवला.

सासऱ्यांनी ओलं फडकं मागवलं आणि जहाज सावकाश पुसून काढलं, टोकापासून टोकापर्यंत. खालून राखाडी रंग वर आला. एक ओघळ नाही, एक ठिपका नाही. ते जहाज खिडकीशी घेऊन गेले आणि उजेडात फिरवून बघू लागले. मग म्हणाले, मी कामाला लागलो तेव्हा ते असंच होतं, राखाडी. पांढरं नंतर केलं, मला कधी आवडलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. हा राखाडी रंग कोणी मारला, त्यांनी विचारलं. शंभर टक्के काम आहे.

मी तोंड उघडलं. बायको म्हणाली, मी.

२० मार्च, संध्याकाळी
मला राग आलेला नाही. बायकोने विचारलं, एअरब्रश मी वापरून बघू का? मी म्हणालो, बघ. आवाज खाली ठेवून म्हणालो.

नंतर चहा मागितला. कोरा आला. मी काही विचारलं नाही.