अक्काची किडनी अन् अक्काचीच पपनसं

ती. सौ. जानकीअक्कास, धाकट्या उत्तरेश्वरचा बीडहून दंडवत. दाजींचा गुडघा काय म्हणतो? पालीच्या धरणात पाणी हाय का नुसता गाळ? इकडं नळ कधी येतो ते नळालाच ठाऊक. मी ठणठणीत हाय. तू दिलेली किडनीबी मजेत हाय (म्हणजे आता हाय. मधी जरा गोंधळ झालता, तेच सांगायला बसलो. फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस).

दुसऱ्याची किडनी अंगानं टाकून देऊ नये म्हणून दवाखान्यात आमच्यावर गोळ्यांची चाचणी चाललीय, हे तुला सांगितलंच हाय. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. कुणाला कोणती, हे आमालाबी ठाऊक न्हाई अन् डॉक्टरीणबाईंनाबी न्हाई! मी दूध संस्थेचा चेअरमन ऱ्हायलेला माणूस. चिठ्ठी कुणाची निघणार हे सोडतीआधी चेअरमनला ठाऊक न्हाई, अशी सोडत मी जन्मात पाहिली न्हाई. तरी मुकाट सही केली.

मग वाटलं, ही किडनी पन्नास वर्षं तुझ्या हातचं खाऊन वाढली, तुझ्या भावजयीच्या अळणी वरणावर ती कशी रमावी? तेवढ्यात तुझं पपनसांचं पोतं आलं. दुष्काळानं मोसंबीच्या बागा वाळल्या अन् तुझ्या मोरीच्या पाण्यावरचं झाड लगडलेलं! मी रोज एक सोलून किडनीला खाऊ घातलं (गोड मलाबी लागायचं, खोटं कावून बोलू?). पुढच्या तपासणीला रक्तात औषध दुप्पट! बाई चष्मा पुसून पुसून कागद बघायच्या. म्हणाल्या, असंच चाललं तर औषधानंच किडनी जाईल. तवा तुझ्या भावजयीनं पिशवीभर सालं त्यांच्या टेबलावर ओतली (बायको हाय का फौजदार?). पपनसानं ही गोळी अंगात साचती म्हणं, अन् हे सहीच्या आधीच सांगितलं होतं म्हणं. सांगितलं असंल. मी तवा सोडतीचाच विचार करत हुतो.

लई भ्यालो, अक्का. तुझी वस्तू माझ्या जिभेपायी गेली असती, तर तुला तोंड कसं दाखवलं असतं? पपनस बंद केल्यापासनं रक्तातलं औषध उतारावर हाय. दाजींना नमस्कार.

तुझा, उत्तरेश्वर

ता. क. पपनसं आता पाठवू नकोस. रागावू नकोस.

ता. क. दुसरा. शेजारचे सुंदरराव माझ्या तब्येतीची फार चौकशी करतात. पोत्यातली उरलेली त्यांनीच संपवली. त्यांच्यापुरती चार पाठवलीस तर चालंल.

ता. क. तिसरा. नको, चारबी नको. कपाटावर एक ऱ्हायलंय, तेच मला झोपू देत न्हाई. तुझी भावजय रोज म्हणती, टाका ते. माझं अंग तू दिलेलं टाकायला बघतं, त्याला गोळ्या हायेत. माझ्या हातानं मातर टाकवत न्हाई, त्याला काय करू? तूच ये, ते उचल, अन् चार दिवस ऱ्हा. येताना हात रिकामे ठेव.