अकरा पानांची तक्रार

गुरुवार, ता. १२

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

विशेष असे की, आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी प्रार्थनालय उघडले, तर जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात तुमच्या बुधवारच्या तरुण अभ्यासमंडळाची पाने! एकूण अकरा. चारांवर चहाच्या पेल्यांचे गोल डाग. प्रत्येकावर हिब्रूत देवाचे नाव. अगं, ते नाव ज्या कागदावर असते तो आपल्यात टाकत नाहीत, फाडत नाहीत; जीर्ण झाला की माणसासारखा दफनभूमीत पुरतात. मी साधा पुस्तकबांधणीवाला, शाळा सातवीत सुटली, पण एवढे मला कळते. आणि तुमच्यात म्हणे दोन पदवीधर!

बारा तरुण जमतात याचे तुझ्या आईला कोण कौतुक! जमायला काय, मुंग्याही जमतात. मंडळ बंद करावे असा अर्ज मी पंचांकडे दिला आहे. रविवारी, ता. २२ला बैठक आहे. ज्याने टाकली त्याचे नाव कळव. आईची गुडघेदुखी कशी आहे?

तुझा,
मामा

सोमवार, ता. १६

ती. मामांस सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे, माझं डोकं मात्र तापलंय. पानं अकरा नव्हती, बारा होती. एक माझ्या पर्समध्ये आलं. आणि टाकणाऱ्याचं नाव हवंय ना? तुमची भाची. रात्रपाळीला उशीर होत होता, वॉर्डात आधीची नर्स खोळंबली होती, म्हणून पटापट आवरलं. लाज वाटते, पण मला ठाऊक नव्हतं. कोण सांगणार? नववीत असताना हिब्रू शिकवा म्हणून तुमच्या मागे लागले, तर पोरखेळ नाही म्हणून मला वाटेला लावलंत. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप तुमचं. शिवण उसवेल म्हणून कुणाला हात लावू देत नाही. मग आम्ही झेरॉक्सवर नाही शिकायचं तर कशावर? आमच्यातला वायरमन दोन बस बदलून येतो. सगळ्या वस्तीत त्याला आपल्यातलं दुसरं कुणी नाही. मंडळ मोडलंत तर त्याला तोंडानं सांगायला तुम्हीच या.

राग आला तरी लोभ आटू देऊ नका.

आपली,
चिमणी

शुक्रवार, ता. २०

चि. चिमणीस आशीर्वाद.

सूर्यास्ताला शब्बाथचा विसावा लागेल, त्याआधी लिहिता हात थांबवायचा आहे, म्हणून थोडक्यात. तुझे पत्र उद्धट आहे. तीनदा वाचले, तिन्ही वेळा उद्धटच निघाले.

शिकवले नाही हे खरे. कारण मलाही कुणी शिकवले नाही. दुरुस्तीला आलेल्या फाटक्या पुस्तकांवरून, खळ वाळेपर्यंत एकेक अक्षर लावत गेलो. बरोबर वाचतो की नाही, हे आजवर जाणत्या माणसासमोर तपासलेले नाही. लोकांना वाटते मामा पंडित. मीही वाटू दिले. हे आईला सांगू नकोस.

अर्ज आज सकाळी परत घेतला. पंचांनी कारण विचारले, ते मी सांगितले नाही. अकरा पाने पुसून, पुठ्ठ्यात बांधून ठेवली आहेत, बारावे आण. रविवारी सकाळी नऊला दफनभूमीत या, सगळे. नऊ म्हणजे नऊ. खड्डा गुडघाभर खोल हवा, वायरमनला सांग.

बुधवारी मी येईन. मंडळात पस्तिशीच्या आतलेच घ्यायचे ही तुमची अट मला लावलीस तर याद राख! पहिला उतारा मी वाचणार. चुकलो तर मामा म्हणून गप्प बसू नकोस, सगळ्यांदेखत थांबव.

तुझा,
मामा