घाटाच्या वाटेचे ठिपके

१४ फेब्रु. ७४
खाप्याकडून माझ्या बहिणीचे, शांताताईचे यजमान, नामदेवभाऊजी, चहाआधीच हजर. गावाजवळ रुळांच्या कडेनं तारेचं कुंपण येतंय. कन्हानच्या घाटाची वाट बंद. गुरं, धुणं आणि शेवटी खांद्यावरचा माणूसही त्याच वाटेनं जातो. रेल्वेचा साहेब म्हणाला, वाट रुळांच्या आधीची असल्याचा कागद आणा, फाटक ठेवू.
"तुझ्याजवळ तो जुना नकाशा हाये न गा? तूच त सांगत फिरते सगळ्याले."
आहे. महाल पेठेतल्या रद्दीवाल्याकडे मिळालेला, कापडावर डकवलेला.

रात्री – सापडलं! नदी, गाव, रूळ तुटक रेघेनं, 'काम चालू'. म्हणजे नकाशा रूळ पुरे होण्याआधीचा. आणि ठिपक्यांची वाट थेट घाटापर्यंत. कुमुदला हाक मारली. तिनं चष्मा लावला.
"अहो, हे ठिपके तुमच्या पेनाचे."
खरंच की. दहा वर्षांपूर्वी दिवाळी अंकात नकाशावाल्यांची टर उडवली होती. त्या लेखापायी, मोजणीदाराला न दिसलेलं मीच या नकाशावर भरत बसलो होतो. माझा विनोद इतक्या गंभीरपणे कोणी घेतला नव्हता.

१५ फेब्रु.
भाऊजींना सांगितलं. "कोणाले समजून राहिलं? दे तसाच." मोह झाला. कुमुद म्हणाली, "साहेबानं ओलं बोट फिरवलं तर अख्खं गाव खोटं पडेल." बाई लाखमोलाची. तोंडावर म्हणालो नाही, सवय नाही.
तिनंच ओल्या कापसानं शाई टिपली. खाली फिकट, छापील ठिपके! म्हणजे मी नुसते गिरवले होते. तेव्हा चष्मा नव्हता, गरज होती. लेखात ज्याला आंधळा म्हटलं, तो बाबा उन्हातान्हात ही पायवाट चालून गेला होता. त्याचं नावही माहीत नाही. मनातल्या मनात हात जोडले.
फक्त वाट रूळ ओलांडते तिथंच घडी. कागद उडालेला.

१८ फेब्रु.
साहेबाला सगळं सांगितलं, लेखासकट. तो हसला नाही. भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. "वर पाठवतो."
ताईकडे जेवलो. "काहून तोंड पाडून बसला गा? खरं बोलून आला न?" म्हणत तिनं आणखी एक भाकर वाढली. मग ताई आणि मी घाटावर गेलो. पाण्यात पाय सोडून बसलो. किती वर्षांनी!
परतताना पाहिलं. कुंपणाचे खांब दोन्हीकडून वाटेपर्यंत आलेत. मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. आज तिथं खांबासाठी कोणी खड्डा खणलेला नाही.